पुलाचा भाव

पुलाच्या तोंडाशी नोटा बदलून देणाऱ्या चष्मेवाल्याने पुढ्यातल्या गठ्ठ्यावर पालथा पंजा ठेवला आणि मान हलवली.

“आज नको, सिस्टर. घरी घेऊन जा.”

“का? खोट्या आहेत का?”

“खऱ्या आहेत. तेच तर वाईट आहे.”

सिस्टरांनी त्याच्या डोक्यामागच्या पाटीकडे पाहिलं. रोज त्या पाटीवर खडूने दोन आकडे लिहिलेले असत: तिकडच्या किती नोटांना इकडची एक. आज पाटी ओल्या फडक्याने पुसलेली होती, आणि पुसलेल्या जागी पांढुरका ढग तेवढा राहिला होता.

“सकाळपासून किती वेळा लिहून पुसलं, विचारू नका,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्ही पगार घेऊन निघालात, आणि पूल ओलांडेपर्यंत त्यातला पाव पगार नदीत पडला. उद्या परवा जरा थंड होईल. तोवर ठेवा.”

“ठेवून काय त्यांचं लोणचं घालू?”

“लोणचं मुरलं की चढतं, सिस्टर. या मुरल्या की उतरतात.”

सिस्टरांना हसू आलं, पण त्यांनी गठ्ठा मागे घेतला नाही. घरात तेल संपलं होतं, मुलीच्या शाळेची शेवटची फी द्यायची होती. “असेल त्या भावाने द्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर राग नाही माझा.”

“भाव माझा नसतो हो. भाव पुलाचा असतो,” असं म्हणत चष्मेवाल्याने नोटा मोजल्या आणि इकडच्या नोटा फळीवर ठेवल्या. त्या इतक्या थोड्या होत्या की त्याने त्या उगाच पंख्यासारख्या पसरून मांडल्या. सिस्टरांनी त्या न मोजता पर्समध्ये टाकल्या. त्यांना घाई होती असं नव्हे. चष्मेवाल्याला ओशाळं वाटू नये म्हणून.

पुलाच्या दोन टोकांना दोन गावं होती आणि मधून वाहणारी नदी म्हणजे दोन देशांची हद्द. दोन्हीकडची बोली जवळजवळ एकच, चेहरे तेच, सोयरिकीही होत. वेगळी होती ती नोट. दोन नोटांचं एकमेकींशी काय नातं, हे रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी ठरत असे, आणि दोन्ही गावांतली माणसं त्याला ‘पुलाचा भाव’ म्हणत. आजारी माणसाच्या तापाची चौकशी करावी तशी त्याची चौकशी होई. “काय, आज पुलाचा भाव काय?” या वाक्याने कित्येक घरांत दिवस उजाडे.

सिस्टर मूळच्या नदीच्या अलीकडच्या. लग्न होऊन याच गावात आल्या, नर्सिंग झालेलं होतं, म्हणून इथल्या दवाखान्यात अर्ज केला. तिथे जागा एकच होती आणि त्या जागेला दवाखान्याच्या अध्यक्षांची पुतणी आधीच चिकटलेली होती. मग त्या पूल ओलांडून तिकडच्या सरकारी इस्पितळात गेल्या. तिथल्या मेट्रनबाईंनी त्यांचा अर्ज बाजूला सारला, त्यांचे दोन्ही हात पुढे करायला लावले, नखं पाहिली, बोटं वाकवून पाहिली आणि म्हणाल्या, “उद्या सातला या. उशीर झाला तर येऊ नका.”

तेव्हा तिकडची नोट दांडगी होती. तिकडच्या खाणींतलं तांबं जगभर जात होतं. तिकडच्या एका नोटेला चष्मेवाला इकडच्या तीन देई. पहिला पगार सिस्टरांनी सासूबाईंच्या हातात ठेवला तेव्हा सासूबाईंनी तो मोजला, सुनेकडे पाहिलं, पुन्हा मोजला आणि म्हणाल्या, “चुकून दुसऱ्याचा घेऊन आलीस की काय गं? आत्ताच सांग, परत करता येईल.”

त्या पैशावर घराचा पत्रा जाऊन स्लॅब पडला. नवरा दुसऱ्याच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करायचा, त्याचं स्वतःचं दुकान घरातल्याच पुढच्या खोलीत सुरू झालं. गावात त्याला मशीनवाले म्हणू लागले. आणि सिस्टरांना गावाने नाव ठेवलं ‘पलीकडची’. गंमत अशी, की तिकडच्या इस्पितळातही पेशंट विचारत, “ती पलीकडची सिस्टर कुठाय?” दोन्ही गावांत बाई एकच, आणि दोन्हीकडे ती पलीकडचीच.

इकडे मात्र त्या नावाला काटा होता. “आपल्या बायका अडल्या तर बोंब, आणि हिला परक्यांची बाळंतपणं करायची हौस,” असं नळावर बोललं जाई. “पैसा दिसला की पूल छोटा वाटतो माणसाला,” असं किराणा दुकानात. सिस्टर उत्तर देत नसत. सांगायचं तरी काय? त्या पैशासाठीच जात होत्या. बोललेलं खोटं असतं तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देता आलं असतं. खरं होतं, म्हणून टोचत राहिलं.

पुढे तांब्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. खाणी बंद पडू लागल्या, तिकडच्या सरकारने खर्च भागवायला नोटा छापल्या, छापल्या म्हणून त्या उतरल्या, उतरल्या म्हणून आणखी छापल्या. इकडे त्याच सुमारास सिमेंटचे कारखाने आले. तिनाचा भाव दोनावर आला. मग एक वर्ष असं आलं, की एकाला एक झालं. त्या दिवशी इकडच्या पोरांनी पुलाच्या तोंडाशी फटाके वाजवले. चष्मेवाल्याने पाटीवर एकाखाली एक लिहिलं आणि दिवसभर पुसलं नाही. मग पाटी उलटी झाली. आता तिकडच्या किती नोटांना इकडची एक, असं लिहायची वेळ आली, आणि तो आकडा थांबेचना.

पूर्वी सकाळी पुलावर तिकडे जाणाऱ्यांची रीघ असायची. गवंडी, ड्रायव्हर, धुणंभांडीवाल्या, मास्तर. भाव घसरला तसे एकेक गळले. आधी गवंडी, कारण त्यांचा हिशेब रोजचा. मास्तर सगळ्यांत शेवटी, कारण मास्तरांना हिशेब समजायला वेळ लागतो, असं सासूबाई म्हणत. मग तिकडचे लोक इकडे येऊ लागले. तेच डबे, त्याच पिशव्या, फक्त तोंडं उलटी. त्या लोंढ्यातून वाट काढत सिस्टर एकट्या तिकडे जात. चौकीवरचा शिपाई पासवर शिक्का मारताना म्हणे, “सिस्टर, तोंड चुकलं तुमचं.”

पाटी पुसलेली राहिली त्या पगाराच्या दिवसानंतर काही आठवड्यांनी घरी पाहुणा आला. इकडे नवं मोठं इस्पितळ उभं राहिलं होतं. फरशा अशा, की चालताना आपलंच तोंड दिसावं. त्याचे अधीक्षक डॉक्टर स्वतः चालत मशीनवाल्यांच्या दुकानात आले आणि दोन मशिनींच्या मधल्या स्टुलावर बसले.

“बाळंतिणींच्या वॉर्डाला प्रमुख हवी आहे,” ते म्हणाले. “तुमच्याइतकी अनुभवी बाई दोन्ही काठांवर नाही. राहायला क्वार्टर मिळेल. पगार…” आणि त्यांनी पगार सांगितला.

आत सासूबाईंच्या हातातली वाटी भांड्यावर आपटली. एरवी पाहुण्याला एकदाच चहा विचारायची त्यांची रीत होती. त्यांनी अधीक्षकांना दुसऱ्यांदा विचारला.

खोटं कशाला बोला, सिस्टरांनाही बरं वाटलं. ज्या गावाने एकेकाळी दवाखान्याच्या पायरीवरून परत पाठवलं, तेच गाव बोलवायला घरी आलं होतं. मुलगी चिमी शाळा संपवून बसली होती. तिला मोठ्या शहरात जाऊन औषधनिर्माण शिकायचं होतं आणि तिथली फी ऐकून मशीनवाले दोन दिवस नीट जेवले नव्हते. अधीक्षक गेल्यावर चिमीने आईच्या गळ्यात हातच टाकले. मशीनवाले फक्त एवढंच म्हणाले, “चला, सुटलीस. पायांना तेवढाच आराम.” पण ते त्या संध्याकाळी एक बंद पडलेली मशीन दुरुस्त करताना गुणगुणत होते, आणि त्यांना गुणगुणताना कुणी फारसं ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंना सांगून टाकायचं ठरलं.

मेट्रनबाई आपल्या खोलीत पाण्याच्या टोपासमोर उभ्या होत्या. वापरलेले हातमोजे धुऊन त्यात पाणी भरायचं, मनगटापाशी मुरगळायचं आणि कुठे थेंब गळतो का ते बघायचं. गळला नाही तर पुन्हा वापरायचे. पूर्वी हे काम शिकाऊ मुली करत. आता त्यांतल्या बहुतेक रोज सकाळी पूल ओलांडून इकडच्या नव्या इस्पितळात जात होत्या. बाईंची टोपी मात्र होती तशीच, खळ घालून कडक केलेली. खळ कुठून आणतात, हे कुणाला माहीत नव्हतं.

“बसा सिस्टर,” बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “जायचंय ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आमच्या चार पोरी तिथे लागल्यात. त्या म्हणाल्या, प्रमुखाची खुर्ची रिकामी ठेवलीय आणि ती कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“मग म्हणा. मी असते तर त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत म्हटलं असतं.” बाईंनी एक मोजा उजेडात धरला, पाहिला आणि बाजूला ठेवला. “पूर आला तेव्हा आलात, संप होता तेव्हा आलात. कामात कधी बोट ठेवायला जागा दिली नाहीत. पैशासाठी का होईना, पण आलात. आम्ही ते विसरणार नाही.”

बाईंच्या आवाजात काडीचाही टोमणा नव्हता. त्यांनी मनापासून आभार मानले होते. सिस्टरांची कानशिलं तापली. कुणी शिवी दिली असती तर परतवता आली असती. आभार कसे परतवायचे? त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात लेबर रूमची आया धावत आली. “बाई, सिस्टर, कुणीतरी चला. पाय दिसतोय!”

बाळ पायाळू होतं. आत एक शिकाऊ मुलगी पांढरीफटक पडून भिंतीला टेकली होती. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत शस्त्रक्रियेत अडकले होते. सिस्टरांनी हात धुतले, मेट्रनबाईंनी तपासलेल्या मोज्यांतली एक जोडी घातली आणि त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

“माझ्याकडे बघ,” त्या बाळंतिणीला म्हणाल्या. “छताकडे काय बघतेस? तिथे काय आहे? माझ्याकडे बघ आणि मी सांगेन तेव्हाच जोर कर.”

पायाळू बाळंतपणात हाताला काम कमी आणि धीराला जास्त. ओढायचा मोह आवरावा लागतो. बाळ बेंबीपर्यंत आपलं आपण येऊ द्यायचं, मग कोमट फडक्यात गुंडाळून नुसतं तोलून धरायचं. शिकाऊ मुलीचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा सिस्टरांनी तो कोपराने मागे सारला. “थांब. ओढलंस तर मान अडकेल.” एक खांदा सुटला. दुसरा. मग त्यांनी बाळाला आपल्या कोपरापुढच्या हातावर पालथं घेतलं, दोन बोटं गालांवर ठेवली आणि मान न ताणता डोकं अलगद बाहेर आणलं. बाळ निळसर होतं आणि गप्प होतं. त्यांनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचकी मारली. मग ते असं काही रडलं, की दाराबाहेरून कुणीतरी मोठ्याने “आलं!” म्हणालं.

बाहेर बाळंतिणीची आई उभी होती. सिस्टर हात पुसत बाहेर आल्या तेव्हा त्या बाईने कनवटीची पुरचुंडी सोडून नोटांचा मुटका त्यांच्यापुढे धरला. मग तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं आणि तिने हात मागे घेतला.

“माफ करा हं,” ती पुटपुटली. “तुम्ही पलीकडच्या ना? याचं तुमच्याकडे काय येणार? काडेपेटीसुद्धा नाही यायची.”

ती म्हातारी मान खाली घालून त्या नोटा पुन्हा बांधू लागली. नातू झालेल्या बाईने अशी मान खाली घालावी, हे सिस्टरांना पाहवलं नाही.

“बांधता काय? द्या की,” त्या म्हणाल्या. “नातू झालाय आणि हात आखडता घेता?” त्यांनी तिच्या मुठीतून एक नोट काढून घेतली, तिची घडी घातली आणि छातीच्या खिशात घड्याळाशेजारी ठेवली. “एक पुरे. बाकीच्याचं लेकीला दूध पाजा.”

म्हातारीची मान वर आली. हसली तेव्हा तिचे पुढचे दोन दात नव्हते.

दुपारी सिस्टर मेट्रनबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. “पुढच्या आठवड्याची माझी ड्यूटी लावा.”

बाईंनी हातातली पेन्सिल थांबवली. “लावू?”

“लावा. दिवसाची.”

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. मशीनवाले तेलाची बुधली हातात धरून तसेच उभे राहिले. “विचारायचं तरी होतंस गं,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“आम्हाला. कुणाला काय?”

सिस्टरांना नीट सांगता येईना. बाई काय म्हणाल्या ते सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. बोलून झाल्यावर ते त्यांचं त्यांनाच पोकळ वाटलं. शेवटी म्हणाल्या, “इतकी वर्षं लोक म्हणाले, पैशासाठी जाते. आता पैसा नाही तर थांबले, म्हणजे ते खरंच ठरलं ना?”

“लोक!” सासूबाई आतून बाहेर आल्या. “ज्यांनी म्हटलं त्यांतले निम्मे मेले. आता मेलेल्यांना दाखवायला जातेस होय? हौसेला मोल नसतं म्हणतात, तुझ्या हौसेचं मोल मात्र आम्ही भरायचं!”

चिमी रडली नाही, ओरडली नाही. पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, “ताठा तुझा, आणि फी माझी.”

दयेपोटी केलं असतं तर तसं सांगता आलं असतं, पण त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं, की यात दया अर्धी होती आणि अर्धा ताठाच होता. कुणाचं दुःख पाहून पाघळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. फक्त कुणी आपल्यावर किंमत लिहून ठेवावी, हे त्यांना सहन होत नव्हतं.

चिमी शहरात गेली नाही. गावातच रक्त-लघवी तपासायचा छोटा कोर्स तिने केला. त्याची फी भरायला सिस्टर ड्यूटीवरून आल्यावर गल्लोगल्ली इंजेक्शनं द्यायला जात, टाके काढत, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधत. ज्या घरांतून त्यांना नावं ठेवली गेली होती त्याच घरांच्या ओसरीवर त्या चप्पल काढून बसत. कुणी विचारलंच, “काय सिस्टर, अजून जाता तिकडे?” तर म्हणत, “जाते की.” त्या दोन शब्दांत असं काही असे, की पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

मशीनवाले काही दिवस अबोल राहिले. दुरुस्त केलेली मशीन नीट चालते का ते पाहायला ते कापडाच्या चिंध्यांवर टीप मारून बघत. एके दिवशी सिस्टरांनी डब्याची पिशवी उघडली तर डब्याखाली चार दुपटी निघाली, चारी कडा दुमडून शिवलेली.

“हे काय?”

“टीप तर मारावीच लागते ना,” ते दुसरीकडे बघत म्हणाले. “चिंधीवर मारली काय आणि दुपट्यावर मारली काय. शिंपी कापड टाकूनच देतात.” मग दर आठवड्याला पिशवीत दुपटी असत. एकदा सासूबाईंनीही आपलं एक जुनं मऊ पातळ फाडून पुढे केलं आणि बजावलं, “मी दिलं म्हणून सांगू नकोस तिथे. नाहीतर रोज मागतील.”

चिमीचं मात्र तुटलेलं राहिलं. ती आईशी बोले, पण कामापुरतं. कोर्स संपल्यावर तिला नव्या इस्पितळातच, तपासणीच्या खोलीत नोकरी लागली. तिथे लागून महिनाही झाला नसेल, एका दुपारी रक्ताच्या नळ्या घ्यायला ती बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. तिथे तिकडून येणाऱ्या नर्सा जेवायला बसल्या होत्या. एकीने नाव-गाव विचारलं, घर कुठे ते विचारलं, आणि एकदम थबकली.

“मशीनवाल्यांचं घर? म्हणजे तुम्ही सिस्टरांच्या?”

“मुलगी.”

ती नर्स उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून बाकीच्या उभ्या राहिल्या. एकीने उष्टे हात फडक्याला पुसून खुर्ची पुढे केली. “मला पायाळू शिकवलं त्यांनी,” ती म्हणाली. “दोनदा कोपर मारलं होतं मला, अजून दुखतं!” सगळ्या हसल्या, पण चिमी बसेपर्यंत कुणी खाली बसली नाही.

चिमीने घरी हे कुणाला सांगितलं नाही. सिस्टरांना ते फार नंतर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या तेव्हा चिमी इस्त्री तापवून त्यांचा युनिफॉर्म करत होती. कॉलर आधी, मग बाह्या, मग खिसा.

“मी केला असता,” त्या म्हणाल्या.

“तू चुण्या ठेवतेस,” चिमी म्हणाली. पुढे लग्न होईपर्यंत तो युनिफॉर्म तिने दुसऱ्या कुणाला करू दिला नाही.

वर्षं गेली. तिकडच्या सरकारने एकदा नोटांवरची शून्यं उडवून नवी नोट काढली. “गळू कापलं की ताप उतरतो,” चष्मेवाला म्हणाला, “पण म्हणून माणूस लगेच कुस्ती खेळत नाही.” त्याचं खरं झालं. नवी नोटही हळूहळू उतरलीच, फक्त पूर्वीसारखी धावत नव्हती. मग पुलापाशी बँक आली, काचेच्या खिडकीत लाल दिव्यांचे आकडे आपोआप बदलू लागले, आणि चष्मेवाल्याने फळी उचलली. सासूबाई गेल्या. मेट्रनबाई निवृत्त झाल्या, आणि त्यांची खुर्ची सिस्टरांना मिळाली. पलीकडच्या बाईला ही खुर्ची कशी द्यायची, असा प्रश्न तिकडच्या कचेरीत कुणीतरी काढला होता म्हणतात. इस्पितळातल्या सगळ्या आया त्या कचेरीबाहेर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या, आणि प्रश्न मिटला.

सिस्टरांचाही निवृत्तीचा दिवस आला. भाषणं झाली नाहीत, त्यांनीच करू दिली नाहीत. वॉर्डात सकाळी जन्मलेली तीन बाळं होती. त्यांच्या नाळेच्या गाठी त्यांनी एकदा तपासल्या, नव्या मेट्रनच्या हातात किल्ल्या दिल्या आणि नेहमीच्या वेळेला निघाल्या. पुलावर मशीनवाले न्यायला आले होते. “हलकं वाटतंय?” त्यांनी विचारलं. “छे,” त्या म्हणाल्या, “उलट उद्या सकाळचं काय करायचं, हेच जड झालंय.”

निवृत्तिवेतन तिकडेच, स्वतः जाऊन, सही करून घ्यावं लागे. मशीनवाले म्हणत, “आता चालवत नाही तुला, जाण्यायेण्याच्या बसभाड्यातच उडतं ते. कशाला जातेस?” तरी त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जात. युनिफॉर्म नसे, पण कपडे इस्त्रीचे असत.

जुन्या मेट्रनबाईही त्याच दिवशी येत. आता त्या काठी घेऊन चालत आणि डोळ्यांना कमी दिसे. खिडकीवर सही झाली, की दोघी इस्पितळाच्या फाटकासमोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसत. तिथून बाळंतिणींच्या वॉर्डाच्या खिडक्या दिसत, आणि खिडक्यांत वाळत घातलेली दुपटी.

“कुणीतरी उलटी वाळत घातलीत,” मेट्रनबाई डोळे बारीक करून म्हणाल्या.

“तुम्हाला दिसतंय का इथून?”

“दिसत नाही. पण घातली असणार.”

चहा संपला. सिस्टरांनी पर्स उघडली तशी बाईंची काठी आडवी आली.

“आज मी देणार.”

“मागच्या वेळीही तुम्हीच दिलेत, बाई.”

“मागच्या वेळचं मला आठवत नाही. म्हातारी झाले मी.”

“मग माझं ऐका. इतकी वर्षं याच गावाचं खाल्लंय मी. दोन कप चहा तरी पाजू द्या.”

“खाल्लं काय?” मेट्रनबाईंचा आवाज एकदम वॉर्डातला झाला, इतका की चहावाल्यानेही मान वर केली. “कमावलंत! शब्द नीट वापरत जा, सिस्टर.”

उभ्या आयुष्यात सिस्टरांनी फार थोड्यांचं ऐकलं होतं. त्यांनी पर्स मिटली आणि मांडीवर ठेवली.

बाईंनी आपल्या बटव्यातून त्या दिवशीच मिळालेल्या नोटा काढल्या. एकेक नोट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी पाहिली, दुमडलेले कोपरे सरळ केले आणि बाकावर एकावर एक ठेवली. वेळ लागत होता. मागे गिऱ्हाईक उभं होतं. सिस्टर रस्त्याकडे बघत राहिल्या, जणू तिकडून कुणीतरी यायचं होतं.

चहावाल्याने नोटा उचलून मोजल्या. “बाई, दोन जास्त आहेत.”

मेट्रनबाई काठीवर भार देऊन उठल्या, पाठ ताठ केली.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “त्या तुला.”